आग विझवणाऱ्यांच्या आरोग्याचा हिशेब

दरवर्षी १४ एप्रिल रोजी देशातील अग्निशमन दले आपल्या मृत सहकाऱ्यांना मानवंदना देतात. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली होती. युद्धकाळातील निकडीपायी त्या एकाच जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या हजारो गाठी भरण्यात आल्या होत्या. आगीची वर्दी मिळताच धावून गेलेले बंबवाले दुपारभर पाण्याचा मारा करीत राहिले आणि चारनंतर झालेल्या प्रचंड स्फोटात त्यांच्यापैकी ६६ जण प्राणास मुकले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा सप्ताह देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. पुष्पचक्रे वाहिली जातात, प्रात्यक्षिके होतात, मंत्रिमहोदय जवानांच्या शौर्याचा गौरव करतात. सप्ताह संपला की बंबवाला पुन्हा आपल्या केंद्रावर जातो आणि समाज त्याला पुढच्या आगीपर्यंत विसरून जातो.

१४ एप्रिल हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचाही जन्मदिवस. गोदीत स्फोट झाला त्या वर्षी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. औद्योगिक कामगारांच्या आजारपणाचा विमा कसा उतरवता येईल याचा अभ्यास करण्याचे काम हिंदुस्थान सरकारने मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवले होते. ऑगस्ट १९४४ मध्ये, म्हणजे स्फोटानंतर अवघ्या चार महिन्यांनी, त्यांनी अहवाल सादर केला आणि त्याच्याच पायावर १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा उभा राहिला. श्रमिकाच्या देहाची झीज हा केवळ त्याच्या नशिबाचा भाग नसून मोजता येण्याजोगा व ज्याची जबाबदारी निश्चित करता येईल असा सामाजिक खर्च आहे, हे तत्त्व त्या अहवालाने आपल्याकडे रुजवले. मात्र आडारकरांचा अभ्यास कापड, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू या तीन उद्योगांपुरता होता. बंबवाला त्याच्या कक्षेत नव्हता. त्यानंतर आठ दशके लोटली, तरी बंबवाल्याच्या वाट्याला मानवंदनाच येत राहिली. आडारकरांनी गिरणी कामगारासाठी केला तसा अभ्यास त्याच्यासाठी झाला नाही.

ही उणीव आता केवळ अनास्थेची बाब राहिलेली नाही. गेल्या वीस वर्षांत जगात या व्यवसायाविषयी जे संशोधन झाले आहे, ते पाहता अज्ञानाची सबब कोणत्याही शासनाला पुढे करता येणार नाही.

काजळीचा जुना इतिहास

जून २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फ्रान्समधील लिआँ येथे तज्ज्ञांची बैठक बोलावली. अग्निशामक म्हणून काम करणे हेच मानवामध्ये कर्करोगास कारण ठरते, असा निर्वाळा या तज्ज्ञांनी दिला. तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस यांची गणना ज्या पहिल्या गटात होते, त्याच गटात आता हा व्यवसाय आहे. २००७ साली याच संस्थेने त्याला ‘कदाचित कर्करोगकारक’ एवढेच म्हटले होते. फुप्फुसाच्या आवरणाचा ‘मेसोथेलिओमा’ हा कर्करोग आणि मूत्राशयाचा कर्करोग यांच्याबाबत पुरावा पुरेसा आहे. मोठे आतडे, पुरःस्थ ग्रंथी, वृषण यांचे कर्करोग आणि आणखी काही प्रकार यांच्याबाबत तो मर्यादित आहे, असे संस्थेने नोंदवले.

हा निष्कर्ष कसा निघाला हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य सुरक्षा व आरोग्य संस्थेने सॅन फ्रान्सिस्को, शिकागो आणि फिलाडेल्फिया या तीन शहरांतील सुमारे ३०,००० अग्निशामकांच्या १९५० ते २००९ या काळातील नोंदी तपासल्या. सर्वसामान्य लोकसंख्येच्या तुलनेत त्यांच्यात कर्करोगाचे निदान ९ टक्क्यांनी आणि कर्करोगाने मृत्यू १४ टक्क्यांनी अधिक आढळले. मेसोथेलिओमाचे प्रमाण सुमारे दुप्पट होते. ९ किंवा १४ टक्के हे आकडे वरवर पाहता लहान वाटतील. परंतु अग्निशमन दलात भरती होताना धडधाकट तरुणच निवडले जातात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ज्यांची प्रकृती सर्वसामान्यांपेक्षा चांगली असायला हवी त्यांचीच ती वाईट ठरते, तेव्हा व्यवसायाने केलेली हानी आकड्यात दिसते त्याहून मोठी असण्याचा संभव असतो. ‘जवान तर ठणठणीत दिसतात’ या सोयीच्या समजुतीला यात उत्तर आहे.

हानीचा मार्गही नवा नाही. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढील आयुष्यात होणाऱ्या कर्करोगाचा संबंध त्वचेत मुरणाऱ्या काजळीशी जोडला होता. व्यवसायामुळे कर्करोग होतो हे दाखवून देणारे हे पहिले निरीक्षण मानले जाते. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १८९२ मध्ये, हेन्री बटलिन यांनी युरोप खंडातील धुराडी-सफाई कामगारांत हा रोग इतका विरळा का, याचा शोध घेतला. अंग झाकणारे कपडे आणि नित्याची अंघोळ हे त्यांना सापडलेले उत्तर होते. आज अग्निशामकाच्या मानेवर, मनगटावर आणि जांघेत तीच काजळी बसते. फरक एवढाच की आजच्या काजळीत लाकूड-कोळशाच्या जोडीला फोम, प्लास्टिक, विजेच्या तारांची वेष्टने आणि रंगरोगण यांची विषारी रसायनेही असतात. श्वसनयंत्र लावले म्हणजे फुप्फुसाचे बऱ्याच अंशी रक्षण होते, त्वचेचे होत नाही. शिवाय आग विझल्यावर ढिगारा उपसताना, जेव्हा धूर डोळ्यांना दिसत नाही पण वायू व धूळ हवेत असतात, तेव्हाच नेमके ते यंत्र उतरवून ठेवले जाते.

मेसोथेलिओमाचा उल्लेख तर भारतीयांनी विशेष काळजीने वाचावा असा आहे. हा रोग मुख्यतः अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे होतो. अनेक देशांनी अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली असताना भारत त्याच्या मोठ्या आयातदारांपैकी एक आहे. झोपडपट्ट्या, गोदामे, छोटे कारखाने यांची छपरे आजही अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांची असतात. अशा वस्तीला आग लागते किंवा भिंती कोसळतात, तेव्हा ते पत्रे फोडून आत शिरणारा माणूस बंबवालाच असतो. या रोगाचे निदान संपर्कानंतर वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी होते. तोवर तो माणूस निवृत्त होऊन कोकणातल्या किंवा घाटावरच्या आपल्या गावी परतलेला असतो आणि त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर त्याच्या नोकरीचा मागमूसही नसतो.

हृदय, उष्णता आणि मनुष्यबळ

कर्करोग हे या प्रश्नाचे एक अंग झाले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात असे आढळले की तेथे कर्तव्यावर होणाऱ्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण ज्वाळा नसून हृदयविकार हे आहे. प्रत्यक्ष आग विझवण्यात अग्निशामकाचा फार तर १ ते ५ टक्के वेळ जातो; परंतु हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपैकी ३२ टक्के मृत्यू त्या अल्प वेळात घडलेले होते. झोपेतून घंटेच्या आवाजाने खडबडून उठणे, पोशाख आणि श्वसनयंत्र मिळून वीस किलोहून अधिक भार अंगावर घेऊन जिने चढणे, घामाने शरीरातील पाणी कमी होणे आणि रक्त घट्ट होणे, या सर्वांचा ताण एकाच वेळी हृदयावर पडतो.

हे संशोधन झाले ते बहुतांशी थंड हवेच्या देशांत. मुंबईच्या मे महिन्यातील दमट उकाड्यात किंवा नागपूरच्या ४५ अंशांच्या दुपारी तोच जाड पोशाख घालणाऱ्या माणसाच्या शरीराचे तापमान किती मिनिटांत धोक्याची पातळी गाठते? त्याला किती वेळाने बाहेर काढून पाणी आणि विश्रांती दिली पाहिजे? या प्रश्नांची उत्तरे शिकागोच्या आकड्यांत सापडणार नाहीत. परदेशी बनावटीचा पोशाख विकत घेता येतो, परंतु तो येथील हवेत येथील माणसाने कसा वापरावा याचे ज्ञान येथेच निर्माण करावे लागते.

मनुष्यबळाचा प्रश्नही याच ओघात येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१० साली साठाहून अधिक नियंत्रित प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका साध्या घराच्या आगीत करावयाची २२ आवश्यक कामे चार जणांच्या पथकाने तीन जणांच्या पथकापेक्षा २५ टक्के आणि दोन जणांच्या पथकापेक्षा ३० टक्के कमी वेळात पूर्ण केली. बंबावर एक माणूस कमी पाठवला की पगारात जी बचत होते, ती ताळेबंदात लगेच दिसते. त्या एका माणसाच्या अभावी उरलेल्यांच्या हृदयावर पडलेला भार आणि आत अडकलेल्यांनी गमावलेली मिनिटे कोणत्याच ताळेबंदात दिसत नाहीत. खर्च नाहीसा होत नाही, तो पालिकेच्या तिजोरीतून कामगाराच्या देहात व त्याच्या कुटुंबाच्या संसारात हलवला जातो. संशोधनाचे एक मोठे सामाजिक कार्य हेच की असे लपवलेले खर्च ते उजेडात आणते.

कामाची पद्धत बदलते ती प्रयोगाने

संशोधनाचा संबंध केवळ रोगांशी आहे असेही नाही. आगीशी लढण्याची रीतच त्यामुळे बदलली आहे. लाकूड, कापूस, लोकर अशा जुन्या सामानाने सजवलेली खोली आणि फोमच्या गाद्या व प्लास्टिकच्या वस्तूंनी भरलेली आजची खोली यांना प्रयोगशाळेत आग लावून पाहिली असता, जुनी खोली संपूर्ण पेटायला सुमारे अर्धा तास लागला. नवी खोली पाच मिनिटांच्या आत पेटली. म्हणजे पूर्वीच्या पिढीने अनुभवाने जे वेळेचे गणित बांधले होते, ते आता प्राणघातक ठरू शकते. अनुभव हा मोठा गुरू खरा, पण ज्या आगीवर तो बेतलेला होता ती आगच बदलली असेल तर गुरूलाही पुन्हा शिकावे लागते.

जुलै २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने दोन संशोधन संस्थांच्या साहाय्याने गव्हर्नर्स बेटावरील, पाडायच्या ठरलेल्या २० घरांना पद्धतशीर आगी लावल्या. पाणी तयार नसताना दरवाजा उघडणे म्हणजे आगीला प्राणवायू पुरवून आतल्या माणसांचा काळ ओढवून घेणे होय, हे तापमानाच्या मोजणीने सिद्ध झाले. बाहेरून मारलेले पाणी आगीला आत ढकलते ही पिढ्यानपिढ्या शिकवली गेलेली समजूत चुकीची ठरली. उलट त्या पाण्याने आतली खोली थंड होते असे दिसले. या प्रयोगांत जवान केवळ प्रेक्षक नव्हते. प्रश्न त्यांचे होते, नळी त्यांच्या हातात होती आणि निष्कर्षांनुसार नियमावली बदलण्यात त्यांच्या दलाचा वाटा होता.

येथे काळबादेवीची आठवण अपरिहार्य आहे. ९ मे २०१५ रोजी गोकुळ निवास या जुन्या इमारतीला लागलेली आग विझवताना इमारत कोसळली. मुंबई अग्निशमन दलाचे दोन अधिकारी तेथेच मरण पावले. गंभीर भाजलेले मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर आणि त्यांचे एक वरिष्ठ सहकारी त्याच महिन्यात रुग्णालयात दगावले. देशातील एका अग्रगण्य दलाचे नेतृत्व एका आगीत हरपले. त्यांच्या धैर्याविषयी जे बोलले गेले ते सारे यथार्थच होते. पण लाकडी तुळयांच्या व विटांच्या भिंतींच्या जुन्या इमारती आगीत किती वेळ तग धरतात, त्या कोसळण्यापूर्वी कोणती चिन्हे दिसतात, किती वेळानंतर आत माणूस पाठवू नये, हे प्रश्न धैर्याने सुटत नाहीत. दक्षिण व मध्य मुंबईत अशा उपकरप्राप्त इमारती हजारोंनी आहेत आणि पुनर्विकासासाठी त्या दरवर्षी पाडल्याही जातात. पाडण्यापूर्वी त्यांपैकी योग्य व सुरक्षित जागी असलेल्या मोजक्या इमारतींचा, किंवा निदान त्यांतून निघालेल्या तुळया, फळ्या व भिंतींच्या भागांचा, अग्निपरीक्षेसाठी उपयोग करणे अशक्य नाही. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत आगीवरील संशोधनाची परंपरा आहे. नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५० च्या दशकापासून अधिकारी घडवीत आहे. या दोन संस्था आणि मुंबईचे दल यांना एकत्र आणणारा निर्णय तेवढा घेतला जात नाही.

साबण, पाणी आणि ब्रश

संशोधन म्हणजे श्रीमंत देशांची चैन, गरीब देशाने आधी बंब आणि शिड्या घ्याव्यात, असा युक्तिवाद केला जातो. बंब व शिड्या हव्यात याबद्दल दुमत नाही; अनेक नगरपालिकांकडे त्यांचीही वानवा आहे. परंतु संशोधनातून निघालेले उपाय महागच असतात हे गृहीतक वस्तुस्थितीला धरून नाही. अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात काजळलेला पोशाख कोरड्या ब्रशने झटकला तर त्याच्या पृष्ठभागावरील कर्करोगकारक रसायने सुमारे २३ टक्क्यांनी घटली. साबणाच्या पाण्याने घासला तर ८५ टक्क्यांनी. मान ओल्या पुसणीने पुसली तर तेथील विषारी थर निम्म्याहून कमी झाला. साबण, पाणी आणि ब्रश या वस्तू कोणत्याही नगरपालिकेला परवडणाऱ्या आहेत. स्वीडनमधील शेलेफ्टिओ या शहरातील अग्निशामकांनी तर स्वतःच पुढाकार घेऊन एक साधी पद्धत बसवली: मळलेला पोशाख घटनास्थळीच बंद पिशवीत घालायचा, तो माणसे बसतात त्या भागात आणायचा नाही, केंद्रावर पोचताच अंघोळ करायची. बटलिन यांनी १८९२ साली जे पाहिले होते तेच येथे शिस्तीने अमलात आले.

ब्रिटनमध्ये फायर ब्रिगेड्स युनियन या कामगार संघटनेने सेंट्रल लँकशायर विद्यापीठाकडून संशोधन करवून घेतले. दहा हजारांहून अधिक अग्निशामकांनी प्रश्नावली भरून दिली. आगीनंतर चार तासांहून अधिक काळ तोच पोशाख अंगावर ठेवणाऱ्यांत कर्करोगाचे निदान लक्षणीय प्रमाणात अधिक असल्याचे त्यातून दिसले. ही माहिती उत्तरे देणाऱ्यांनी स्वतः सांगितलेली आहे. ती अंतिम पुरावा मानता येणार नाही. पण शासन स्वस्थ बसले असता संघटनेने वर्गणीच्या पैशातून विज्ञानाला कामाला लावावे, ही गोष्ट भारतीय कामगार चळवळीने अभ्यासण्यासारखी आहे. वेतनवाढ आणि महागाई भत्ता यांच्यासाठी लढताना आपल्या सभासदांच्या फुप्फुसांचा हिशेब मागण्याची सवय येथील संघटनांनाही फारशी लागलेली नाही, हे मान्य केले पाहिजे.

अर्थात सवयही बदलावी लागते. काजळलेला पोशाख आणि धुराने काळे पडलेले शिरस्त्राण ही अनुभवाची व मर्दुमकीची खूण मानण्याची रूढी जगभरच्या दलांत होती. शौर्याची ही कल्पना श्रमिकाच्या मनात रुजवणे मालकाला नेहमीच स्वस्त पडते. गिरणी कामगाराच्या खोकल्याचे खापर त्याच्या बिडीवर फोडले जाई, त्यातला प्रकार आणि हा प्रकार तत्त्वतः वेगळे नाहीत. कापसाच्या तंतूंनी होणारा ‘बिसिनोसिस’ व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य व्हावा यासाठी डॉक्टरांना व संघटनांना वर्षानुवर्षे झगडावे लागले होते.

संशोधन कोणाचे, कोणासाठी

ज्ञान बाजारावर सोपवले तर काय होते याचे उदाहरण अग्निशामकाच्या पोशाखातच आहे. पाणी व तेल अंगाला चिकटू न देणारी आणि निसर्गात सहजासहजी विघटन न पावणारी फ्लोरिनयुक्त रसायने या पोशाखात वापरली जात होती. अमेरिकेतील एका अग्निशामकाला कर्करोग झाल्यावर त्याच्या पत्नीने पोशाखात नेमके काय आहे हे विचारायला सुरुवात केली. तिने पाठवलेल्या नमुन्यांवरून नोत्र दाम विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ ग्रॅहम पीसली यांनी तपासणी केली आणि ही रसायने पोशाखात मोठ्या प्रमाणात असल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी एका रसायनाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीस पहिल्या गटात टाकले. पोशाखाची मानके ठरवणाऱ्या संस्थेविरुद्ध अग्निशामकांच्या संघटनेला २०२३ मध्ये न्यायालयात जावे लागले. २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने अशा पोशाखांच्या विक्रीवर बंदी घालणारा कायदा केला. प्रश्न एका घरातून निघाला, उत्तर एका विद्यापीठाने दिले, कायदा लोकांच्या दबावाने झाला. बाजाराने यांपैकी काहीही आपणहून केले नाही.

सार्वजनिक संशोधनसुद्धा एकदा मिळाले म्हणजे कायमचे मिळाले, असे समजण्याचे कारण नाही. ज्या अमेरिकी संस्थेने ३०,००० अग्निशामकांचा अभ्यास केला, १९९८ पासून अग्निशामकांच्या मृत्यूंची कारणमीमांसा करून अहवाल सर्वांसाठी खुले केले आणि २०२३ मध्ये अग्निशामकांची राष्ट्रीय कर्करोग नोंदवही सुरू केली, तिच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांना एप्रिल २०२५ मध्ये काटकसरीच्या नावाखाली कपातीच्या नोटिसा मिळाल्या. संघटनांनी आवाज उठवला, प्रकरणे न्यायालयात गेली, तेव्हा त्यांतील काहींना परत बोलावण्यात आले.

नोंदींचे मोल किती असते हे न्यूयॉर्कने दाखवले आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात त्या शहराचे ३४३ अग्निशामक मरण पावले. पण त्या दलाकडे आपल्या माणसांच्या हल्ल्याआधीच्या वैद्यकीय तपासण्यांच्या नोंदी होत्या. त्यामुळे ढिगाऱ्याच्या धुळीने फुप्फुसांची शक्ती किती घटली हे आधीच्या व नंतरच्या मापनांची तुलना करून दाखवता आले आणि २०११ च्या आरंभी झालेल्या कायद्याने उपचार व भरपाई मिळवता आली. २०२३ पर्यंत त्या धुळीने झालेल्या आजारांत दगावलेल्या अग्निशामकांची संख्याही ३४३ वर पोचली. नोंद नसती तर हे दुसरे ३४३ मृत्यू कोणाच्याही लेखी आले नसते.

भारताने काय करावे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात आगीच्या दुर्घटनांत ७,४३५ माणसे मरण पावली. या आगी विझवणारे किती जण पुढे कशाने आजारी पडले, याचा देशव्यापी हिशेब कोणी ठेवत नाही. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार अग्निशमन हे नगरपालिकांचे काम आहे. आणि पालिकांची तिजोरी रिकामी असल्यामुळे अनेक ठिकाणी ते ठेक्यावर घेतलेल्या तरुणांकडून करवले जाते. ठेका पद्धतीचा अन्याय वेतनापुरता नाही. दर वर्ष-दोन वर्षांनी बदलणाऱ्या ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा माणूस कोणत्याही दीर्घकालीन पाहणीत सापडत नाही. वीस वर्षांनी त्याला कर्करोग झाला, तर तो कधी काळी आगीत शिरत होता हे सिद्ध करणारा कागदही उरत नाही. कायम नोकरी ही कामगाराच्या हिताची मागणी आहेच, ती या क्षेत्रात शास्त्रीय ज्ञानाचीही पूर्वअट आहे.

म्हणून पहिली मागणी नोंदवहीची. मुंबईत लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी १९६० च्या दशकापासून चालू आहे. महापालिकेकडे आपल्या अग्निशामकांची सेवापुस्तके आहेत. गोपनीयता राखून ही दोन दप्तरे एकमेकांशी ताडून पाहिली, तर निवृत्तांसह हजारो माणसांविषयीची माहिती हाती येईल. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेसारखी सार्वजनिक संस्था हे काम करू शकते. दुसरी मागणी अशी की प्रत्येक जवानाची भरतीच्या वेळी, त्यानंतर दरवर्षी आणि निवृत्तीनंतरही ठराविक काळ वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि तिच्या निष्कर्षांचा वापर कोणालाही नोकरीवरून काढण्यासाठी होणार नाही याची कायदेशीर हमी असावी. ही हमी नसेल तर जवान खोकला लपवतील आणि संशोधन आंधळे राहील. तिसरी मागणी, कर्तव्यावरील प्रत्येक मृत्यूची व गंभीर इजेची स्वतंत्र चौकशी होऊन तिचा अहवाल मराठीत व इतर भाषांत प्रत्येक केंद्रावर वाचला जावा. दोषी शोधणारी चौकशी वेगळी आणि धडा शोधणारी वेगळी. दुसरीची आपल्याकडे परंपराच पडलेली नाही.

चौथी मागणी कायद्याची आहे. कॅनडातील मॅनिटोबा प्रांताने २००२ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाच्या संघराज्याने २०११ मध्ये असे कायदे केले की ठराविक वर्षे सेवा केलेल्या अग्निशामकाला ठराविक कर्करोग झाला, तर तो कामामुळेच झाला असे गृहीत धरले जाईल. तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर राहील. हे तत्त्व भारताला परके नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातही ठराविक धंद्यांतील ठराविक रोगांना अपघाती इजा मानण्याची तरतूद होती आणि तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाल्यावर ती तिसऱ्या अनुसूचीच्या रूपाने कायम आहे. मात्र अग्निशमनाचा त्या अनुसूचीत धंदा म्हणून समावेश नाही. तो झाला पाहिजे. धुरात घालवलेल्या पंचवीस वर्षांतील नेमक्या कोणत्या रात्रीने आपल्याला रोग दिला, हे आजारी माणसाने सिद्ध करावे अशी अपेक्षा धरणे हा न्याय नव्हे.

यासाठी पैसा नाही हे म्हणणे टिकणारे नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार राज्यांतील अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी २०२३ मध्ये ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. बंब, शिड्या, केंद्रे यांवर असा पैसा खर्च होणे रास्तच आहे. पण प्रत्येक शंभर रुपयांतील एक रुपया ती साधने वापरणाऱ्या माणसाच्या अभ्यासासाठी राखून ठेवला, तरी ५० कोटी रुपये होतात. वर सुचवलेल्या कामांची सुरुवात करण्यास ही रक्कम पुरेशी आहे. मात्र अभ्यासाचे विषय ठरवणाऱ्या समितीवर केवळ अधिकारी आणि साधनसामग्री विकणाऱ्या कंपन्यांचे सल्लागार नकोत. जवानांच्या संघटनांचे निवडून दिलेले प्रतिनिधी तेथे असलेच पाहिजेत. कोणत्या वर्दीला जाऊन आल्यावर रात्रभर छाती भरून राहते, हे कोणत्याही तज्ज्ञाच्या आधी त्यांना कळते.

गोदीतील ६६ जणांना आपण कशाशी झुंजत आहोत याची पुरती कल्पना येण्याआधीच मृत्यूने गाठले. आजच्या बंबवाल्याला ज्या विषांशी झुंजावे लागते, त्यांची कल्पना जगाला आलेली आहे. केवळ त्याच्यापर्यंत ती पोचवलेली नाही. येत्या १४ एप्रिलला मानवंदना अवश्य द्यावी. पण त्याच दिवशी अग्निशामकांच्या आरोग्याची पहिली नोंदवही उघडली जावी, आणि तिचे पहिले पान निवृत्त होऊन गावी गेलेल्या, खोकणाऱ्या जवानांना शोधून भरले जावे. हुतात्म्यांच्या स्मृतीशी आणि त्या तारखेला जन्मलेल्या मजूर मंत्र्याच्या विचारांशीही सुसंगत ठरेल असे वर्तन तेच होय.